पेवात सोडायचा कंदील

"कंदील तळाला गेला का गं?" कमरेला दोर बांधता बांधता आप्पांनी विचारलं.

"गेला. जळतोय," मथू म्हणाली. खरं तर कंदील अजून तिच्या मागं दगडाआडच होता. माळावरच्या गवतातून काळविटांचा कळप उधळला होता, नि तो बघता बघता काम राहूनच गेलं होतं.

ज्वारी साठवायचं पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली आंधळी खोली. वर्षभर बंद राहून आतली हवा विषारी व्हायची. आधी कंदील सोडायचा, तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं.

आप्पांचे पाय पेवात गेले. मथूला दोर धरून उभ्या आईच्या जिभेची धास्ती. ती जीभ साऱ्या शिवाराला ठाऊक होती. पण आप्पांचे खांदेही आत जायला लागले, तशी ती किंचाळली, "आप्पा, वर या! मी खोटं बोलले!"

आप्पा वर आले. आईनं स्वतः कंदील सोडला. अर्ध्यावरच तो विझला.

आई मथूकडं वळली. मथूनं डोळे मिटून गाल पुढं केला.

"थोबाड काय दाखवतेस? बापाला पाणी आण जा," आई म्हणाली, नि पदरात तोंड घालून रडली.

पुढच्या साली काकू म्हणाली, "यंदा कंदील मी सोडते. पोरीचा काय भरवसा?"

"तू गप बस," आई कडाडली. "तू असतीस, तर लाजेपायी तोंड मिटून माझं कुंकू जाऊ दिलं असतंस. कंदील माझी मथूच सोडणार."