कॅम्प चारवरचं विमान

“हात लावू नका त्याला!”

मैत्रेयी गायकवाड दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवरूनच ओरडल्या. गुरुदत्तचा हात बटणापाशी थांबला. मॅडम हवाई वाहतुकीच्या कार्यालयातून आल्या होत्या आणि ते खोकं बंद करायला लावतील, असंच त्याला वाटलं होतं.

खोकं म्हणजे ट्रान्सपाँडर. आपण कोणतं विमान, कुठे आहोत, किती उंचीवर, हे तो सतत आकाशभर सांगत राहतो. बदलापूरच्या पुढे माळावरच्या फ्लाइंग क्लबने तो दुरुस्तीला दिला होता. उल्हासनगरात दुरुस्त झालेली वस्तू गिऱ्हाईक येईपर्यंत चालूच ठेवतात. डुप्लिकेट मालाच्या या गावात बंद वस्तूवर कोणी विश्वास ठेवत नाही. गुरुदत्तने तेच केलं. एरियल पत्र्यावर चढवली आणि उंची बरोबर जाते का ते पाहायला आकडा दोन हजार फुटांवर ठेवला. विमानतळाच्या नियंत्रण कक्षात त्या वर्षी, २००९ साली, नवीच यंत्रणा चाचणीला बसवली होती. तिच्या पडद्यावर सकाळपासून एक विमान उल्हासनगरच्या कॅम्प चारवर, म्हणजे गुरुदत्तच्या दुकानावरच, स्थिर उभं होतं.

“मग फोन करून सांगा ना मॅडम, विमान नाही, खोकं आहे म्हणून.”

“सांगितलं. पण पडद्यावर आलेलं विमान दोनच प्रकारे संपतं. उतरतं, नाहीतर पडतं. तुम्ही बंद केलंत की पडलं. पाडणारे तुम्ही. मग पोलीस.”

गुरुदत्तची बायको अंजनी आतून आली. “आता गं बाई! मग उतरवा की त्याला.”

“इथे धावपट्टी आहे?” मॅडमनी विचारलं.

थोड्याच वेळात गुरुदत्तचा टेम्पो क्लबची धावपट्टी गाठायला अंबरनाथच्या दिशेने निघाला. खोकं बॅटरीला जोडलेलं. मागे अंजनी एका हाताने एरियल उंच धरून, दुसरा हात खोक्याच्या आकड्यावर ठेवून, पायाने वायर दाबून बसली होती. मॅडम पुढे, कानाला मोबाइल.

मोरिवलीपाशी टेम्पो थांबला.

“थांबलात का? विमान हवेत थांबत नसतं!”

“पुढे डंपर आहे मॅडम.”

“पडद्यावर डंपर नाहीये.”

गुरुदत्तने टेम्पो कारखान्यांच्या गल्लीत घातला. मॅडमनी शांतपणे मोबाइलवर कळवलं, “मोरिवलीवर एक घिरटी घेतोय.” मग मागे वळून म्हणाल्या, “अंजनीताई, हजार करा.”

“केलं. अहो, खड्डे बघून चालवा. वायर सुटली तर तुमचा डबा घेऊन तुरुंगात यावं लागंल मला!”

बदलापूर मागे पडलं. आठशे. पाचशे. लोक वळून पाहत होते. टेम्पोवर उभी काठी धरलेली बाई, आत ओरडणारी दुसरी बाई. गुरुदत्तचा शर्ट पाठीला चिकटला होता. माळावरच्या धावपट्टीवर टेम्पो चढला तेव्हा अंजनीने आकडा पार खाली आणला. मॅडमनी हात वर केला. टेम्पो थांबला. खोकं बंद झालं.

“सुखरूप उतरलं,” मॅडम मोबाइलवर म्हणाल्या. मग गुरुदत्तला म्हणाल्या, “तुमच्यावर आता काही नाही. विमान पडलंच नाही.”

अंजनीने एरियल खाली ठेवली.

तेवढ्यात क्लबचा मालक जितेश धावत आला. “अरे वा, आणलं का! या, लगेच बसवून टाकू.” त्याने शेडचं दार सरकवलं. आत विमान उभं होतं. इंजिन काढून ठेवलेलं, चाकांखाली विटा. शेपटीवर नंबर रंगवलेला.

मॅडमनी नंबर वाचला. पडद्यावरच्या विमानाचा मोबाइलवर आलेला नंबर पाहिला. पुन्हा वाचला.

“हे विमान इथे कधीपासून आहे?”

“दिवाळीपासून, मॅडम. जागचं हललेलं नाही.”

“शक्य नाही,” मॅडम म्हणाल्या. “या नंबराचं विमान आत्ता उल्हासनगरहून आलं. मी स्वतः त्यात होते. हे जर खरं असेल, तर मग आत्ता उतरलं ते काय?” त्या सावकाश गुरुदत्तकडे वळल्या. “तुम्ही सांगा. हे खरं आहे?”

जितेश हसायला लागला. अंजनीने नवऱ्याकडे पाहिलं. गुरुदत्त शेडमध्ये गेला. त्याने पंखावर बोट वाजवलं, खालून वाकून पाहिलं, रंग नखाने खरवडला आणि मान हलवली.

“डुप्लिकेट आहे, मॅडम. उल्हासनगरच्या माणसाला कळतं.”