जवसाचा वास

खाणीच्या चंद्रपूरच्या ऑफिसात वजन उतरवायची मोहीम निघाली. नागपूरहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सकाळी मैदानाला फेऱ्या मारा, तेलकट सोडा आणि जवस खा. शिवाय दुपारी सगळे एका टेबलावर बसून जेवा, म्हणजे एकमेकांना हुरूप येतो. सगळ्यांत आधी साहेबांनीच टाळ्या वाजवल्या. मग त्यांना टायपिस्ट रीना आठवली.

"तुम्हा लोकांकडे जवसाची चटणी रोजच असते ना? उद्या सगळ्यांसाठी आणा."

रीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती नोकरीला नवीन होती, तेव्हा तिनं डबा उघडल्याबरोबर याच माणसानं नाकाला रुमाल लावला होता. "ऑफिसभर जवसाचा वास सुटतो. बाहेर बसत जा." तेव्हापासून ती सायकल स्टँडच्या पत्र्याखाली एकटीच जेवत आली होती. तरी ती "हो" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मोठा डबा भरून चटणी आणली. दुपारी टेबलावर ताटं मांडली गेली, साहेब बाह्या सारून बसले, पण रीना काही येईना. शेवटी म्हातारा शिपाई शफी तिला शोधत सायकल स्टँडवर आला. ती रोजच्या जागी भाकर मोडत बसली होती, चटणीचा डबा शेजारी उघडाच होता.

"बाई, साहेब चटणीसाठी थांबून राह्यले."

"वास तोच हाये, शफीभाऊ. साहेबाले म्हणा, खायची असन तं ताट घेऊन इथी बाहेर बसत जा."