वाढदिवसाचा वस्तरा

सातपूरचा कारखाना बंद पडून नोकरी गेल्यावर हिरामण जीव द्यायला होळकर पुलाच्या कठड्यावर चढला. लोकांनी त्याला मागे ओढलं. तेव्हापासून बायकोने विळीसुद्धा शेजारणीकडे ठेवली होती. दाढीसाठी ती त्याच्यासोबत सलूनमध्ये जाऊन बसायची. “असा पहारा ठेवून किती वर्षं जगवशील मला?” तो म्हणायचा. म्हणून त्याच्या वाढदिवसाला ती मेनरोडवरच्या दुकानात गेली. दुकानदाराने नेहमीचा रेझर पुढे केला. “वस्तरा दाखवा,” ती म्हणाली. चार उघडून पाहून तिने सर्वांत धारदार घेतला. बोथट दिला असता तर तिचा भरवसा नाही हे त्याला कळलं असतं. घरी हिरामणने अंगठ्यावर धार पाहिली. “भीती नाही वाटली?” “वाटते.” त्याने गळ्याला फेस लावला, वस्तरा टेकवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने तो तिच्या हातात दिला. “तूच कर. माझा अजून माझ्यावर भरवसा नाही.”