पुरचुंडीतली वाळू

"दवाखान्याची वाळू नको, मी माझी आणलीय," असं म्हणत द्वारका तांडेलने कनवटीची पुरचुंडी सोडली.

"मावशी, कण तो कणच!" डॉक्टर मृदुला हसली.

द्वारकाच्या कानामागे डॉक्टरांनी बसवलेली, आतल्या वाळूच्या कणावर शरीराचा तोल सांभाळणारी पिशवी कोळंबीच्या धाकट्या मिशांच्या बुडाशी असते तशीच होती. कात टाकताना कोळंबीच्या पिशवीतली वाळू जाते, मग ती तळातली नवी वाळू आत भरते. द्वारकाची पिशवीही वर्षाला कात टाकायची. गेल्या खेपेला भरलेल्या दवाखान्याच्या कणावर ती जमिनीवर ताठ चालली, पण होडीत पाय ठेवताच भोवंडली. तेव्हापासून मुलाने तिला सुकाणूला हात लावू दिला नव्हता.

मृदुलाने द्वारकाने खाडीच्या तोंडावरून आणलेल्या वाळूतला एक कण उकळून पिशवीत सोडला आणि खात्री करायला ती स्वतः होडीत बसली.

खाडीच्या तोंडाशी लाटांनी होडी नाचवली. द्वारका सुकाणूपाशी उभी राहिली, दोन्ही हात सोडले आणि पोरीसारखी खदखदून हसली. मृदुला मात्र होडीचा काठ धरून ओकत होती.

द्वारकाने तिची पाठ चोळली. "घाबरू नको गो बाय, पुरचुंडीत अजून मूठभर वाळू आहे."