बझरचा पाय

बाबांना बटण दाबून हाक मारता यावी म्हणून लेक उशाशी ठेवायची घंटा बनवत होती, पण तिची चिप काही केल्या ऐकेना. तिने केबल बदलली, वायरी तपासल्या, लॅपटॉपची मनधरणी केली. स्क्रीनवर आपलं तेच, ‘चिपकडून उत्तर नाही.’

दुपार पेंगुळली होती. खिडकीचा पडदा झोपेत श्वास घेतल्यासारखा फुगत होता, बसत होता. बाबांच्या खोलीतून टीव्हीवर मात करणारे आवाज येत होते.

“अहो, पाणी देऊ का?” आई.

“दादा, मला ओळखलंस का?” काका.

“हात हलव बघू!” आत्या.

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबा एक शब्द बोलले नव्हते.

डोळा लागता लागता तिला उमगलं. चिप मुकी नव्हतीच. ज्या तारेवरून लॅपटॉप चिपला प्रोग्राम पाठवत होता, त्याच तारेवर घंटेचा आवाज काढणारा बझरही जोडलेला होता आणि तो सगळा सिग्नल गिळत होता. तिने बझरच्या दोन तारांपैकी एक पाय सोडवला. चिपने लगेच ओ दिली.

ती तशीच उठली, बाबांच्या खोलीत गेली आणि टीव्ही बंद केला.

“सगळे जरा बाहेर बसा.”

“मोठी डॉक्टर लागून गेलीय!” काका पुटपुटत उठले.

दार लोटून ती बाबांजवळ नुसती बसली. काही विचारलं नाही. इथलाही पडदा फुगला, बसला, पुन्हा फुगला.

बऱ्याच वेळाने बाबांचे ओठ हलले.

“बटण... डाव्या हाताला दे.”

तिने त्यांचा डावा हात हातात घेतला.

“आणि वाजवलं की... एकेकाने या म्हणावं.”