त्रेपन्न नंबरचा शर्ट

डॉक्टरांनी फायलीतून मान वर केली, समोरचा शर्ट पाहिला आणि म्हणाले, "बसा ना."

मागच्या खेपेला याच खोलीत नवरा-बायको उभीच होती. स्टूल होतं, पण त्यावर फायलींचा गठ्ठा होता आणि तो उचलायचं कुणाला सुचलं नव्हतं. आज डॉक्टरांनी स्वतः उठून गठ्ठा हलवला. इस्त्रीवाली स्टुलावर टेकली. इस्त्रीवाला खुर्चीच्या कडेला बसला, पाठ ताठ, दोन्ही कोपरं अंगापासून लांब. बघणाऱ्याला वाटावं, काय रुबाब आहे माणसाचा. खरी गोष्ट एवढीच की शर्ट चुरगळून चालणार नव्हता. संध्याकाळी घडी घालून तो ज्याचा त्याला पोचवायचा होता.

गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, हा दुकानात सासऱ्यांच्या वेळेपासूनचा दंडक. सासरे गेले, पण दंडक भिंतीवरच्या देवासारखा जागच्या जागी होता. सकाळी नवऱ्याने त्रेपन्न नंबरच्या गिऱ्हाइकाचा शर्ट हँगरवरून उतरवला तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, पाप लागेल."

"लागू दे. मागच्या वेळी आपल्या आधी तो कोटवाला आत गेला होता, आठवतं? त्याला अर्धा तास समजावत होते. कागदावर चित्र काढून दिलं. आणि आपल्याला? सगळं काढायचं, बाहेर तारीख घ्या." त्याने बटणं लावली. "मला फक्त चित्र हवंय."

"बोला," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनची तारीख मिळाली ना?"

"मिळाली, साहेब. सोमवारची. पण सगळंच काढावं लागेल का, तेवढं विचारायचं होतं."

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. मग एक कोरा कागद ओढला आणि त्यावर गोल काढला. गोलात, एका अंगाला, एक ठिपका. ती वाकून बघायला लागली. दोन महिने जिच्या धास्तीने डोळ्याला डोळा लागला नव्हता ती गाठ कागदावर एवढीशीच होती, शर्टाच्या बटणापेक्षा लहान.

"गाठ लहान आहे. ती आणि तिच्या आजूबाजूचं थोडं काढलं तरी चालेल. बाकी स्तन तसाच राहील. मात्र नंतर पंचवीस दिवस किरणोपचाराला यावं लागतं. रविवार सोडून रोज. मध्येच सोडून चालत नाही. आयुष्याच्या हिशेबाने दोन्ही उपाय सारखेच." डॉक्टरांची नजर कागदावरून शर्टावर गेली. "आपण काय करता?"

"कपड्यांचं काम आहे."

"छान. म्हणजे वेळ तुमच्या हातात."

इस्त्रीवालीने विचारलं, "हे मागच्या वेळी नव्हतं का?"

"काय?"

"हेच. गाठ तेवढी काढायचं."

डॉक्टरांनी फायलीचं पान उलटलं. पहिल्या दिवशी कारकुनाने भरलेले रकाने तिथे होते. काम: इस्त्री. उत्पन्न: अल्प. त्याखाली निळ्या शाईत एक ओळ होती. डॉक्टरांनी ती मनात वाचली. मोठ्याने वाचायला जरा वेळ लागला.

"रोज येणं जमणार नाही, असं लिहिलंय."

"कुणी सांगितलं तसं?"

"सांगितलं कुणी नाही. अक्षर माझंच आहे."

डोक्यावरचा पंखा फिरत होता. चित्राचा कागद उडू नये म्हणून तिने त्यावर हात ठेवला.

"बरेच लोक अर्ध्यात सोडतात हो, बाई," डॉक्टर म्हणाले. "मग गाठ परत येते. म्हणून काम बघून, पत्ता बघून आम्ही अंदाज बांधतो."

"आम्हाला विचारलं नव्हतं." तिच्या सुरात तक्रार नव्हती. गठ्ठ्यात एक कपडा कमी भरला, असं गिऱ्हाइकाला सांगावं तशी ती सांगत होती. "सहाला टेबल लागतं आमचं, साहेब. एकवीस वर्षं झाली. बाळंतपणं सोडली तर माझा खाडा नाही. रोज येणं म्हणजे काय, ते आम्हाला चांगलं कळतं."

डॉक्टरांनी निळी ओळ खोडली. वर दुसरी लिहिली, खाली सही केली. "तारीख सोमवारचीच राहील. ऑपरेशन बदललं." मग त्यांनी शर्टाकडे पुन्हा एकदा पाहिलं, या वेळी जरा जास्त वेळ. चित्राचा कागद त्यांनी तिच्याकडे सरकवला.

नवऱ्याने तो कागद सवयीने शर्टाच्या खिशात घातला. तिने तितक्याच सवयीने खिसा चाचपून कागद बाहेर काढला आणि आपल्या पिशवीत ठेवला.

जिना उतरताना तो दोन पायऱ्या पुढे होता. शर्ट पाठीला घामाने चिकटला होता. कॉलरच्या आत शाईने घातलेला नंबर ओल्या कापडातून बाहेर उमटला होता.

"हा आता पुन्हा धुवावा लागणार," ती म्हणाली.

"हो."

"आणि पंचवीस दिवस यायचंय. तुमच्या मापाची गिऱ्हाइकं किती आहेत आपल्याकडे?"

दोन महिन्यांत तिने केलेली ही पहिली थट्टा. पण तो हसला नाही. पायरीवरच थांबला होता आणि बोटांवर मोजत होता, "त्रेपन्न... आठ... एकोणतीस... नाही, एकोणतीसवाल्याच्या बाह्या आखूड पडतात मला..."