डोंगर की दरी

धडाड्!

वरच्या मजल्यावर रसायनांच्या बाटल्या खणखणल्या आणि पडद्यावरची हिरवी रेघ टुणकन उडाली. “आला! सर, सिग्नल आला!” जयंती ओरडली. पडद्यासमोर लावलेल्या कॅमेऱ्यातून लगेच निघालेला फोटो तिने फुंकर घालून वाळवला. सरळ रेघ, मधोमध घाटदार डोंगर.

मुलुंडच्या त्या कॉलेजात जयंतीची पीएचडी याच यंत्रावर अडकली होती. नळीतल्या वायूत विजेचा लोळ सोडायचा. क्षणभर त्याचा प्लाझ्मा होतो, सूर्याच्या पोटात असतो तसा. त्यात खुपसलेलं तारेचं इवलंसं वेटोळं, म्हणजे प्रोब, त्याची नाडी बघतं. वर प्रिन्सिपॉलांच्या खोलीत विद्यापीठाची समिती बटाटेवडे खात होती. वडे संपले की ती खाली येणार. प्लाझ्मा मोजून दाखवला तर प्रयोगशाळा राहणार, नाहीतर तिथे टायपिंगचे वर्ग.

“झकास! चल, बोलावू त्यांना,” नंदकुमार सर म्हणाले.

“थांबा ना सर. एकदा प्रोब उलटा फिरवून बघू.”

सरांचा चेहराच उतरला. प्रोब उलटा केला की खरा सिग्नलही उलटतो, डोंगराची दरी होते. तारेत नुसती विजेची खरखर शिरली असेल, तर डोंगर तसाच राहतो. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

“आला ना सिग्नल? मग आता विषाची परीक्षा कशाला?”

पण जयंती ऐकेना. शेवटी सर यंत्रामागे जाऊन आले. धडाड्!

डोंगर. तस्साच.

जयंती स्टुलावर बसली. तिला रडूच फुटलं. मग डोळे पुसून उठली. “चला सर. समितीला सांगून टाकू, आमचा सिग्नल खोटा आहे.”

सर दारात आडवे आले. “जयंती, मी फिरवलाच नाही गं. हातच होईना.”

तिला असा राग आला की विचारू नका. पण राग पुरता चढायच्या आत आनंदच उसळला. म्हणजे अजून काहीच बिघडलं नव्हतं! तिने धावत जाऊन स्वतः प्रोब फिरवला. जिन्यावर बुटांचे आवाज येऊ लागले होते. डोळे गच्च मिटून तिने बटण दाबलं. धडाड्!

सरांनी झडप घालून फोटो ओढला, घाईघाईने डोळ्यांसमोर धरला आणि मटकन खाली बसले. “वाट लागली. डोंगरच आहे.”

जयंतीने वाकून पाहिलं. फोटोची पांढरी पट्टी, नेहमी खाली असणारी, वर होती. ती एवढ्या मोठ्याने हसली की दारात पोचलेली समिती जागीच थबकली.

“अहो सर, फिरवायचा तो प्रोब फिरवला नाहीत, आणि फोटो तेवढा उलटा धरलात!”